भावफरकाचा चेक कोणाच्या नावावर?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)



बाजाराच्या दिवशी एसटीत बसलं, की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "अमेरिकेत बघा, तिथं सरकार शेतकऱ्याला घरबसल्या पैसे देतं." बोलणाऱ्याच्या आवाजात थोडा हेवा असतो, थोडा राग असतो. ज्या वर्षी कापसाला भाव नसतो, त्या वर्षी राग जास्त असतो.

हे वाक्य खोटं नाही. अमेरिकेचं सरकार गेली नव्वद वर्षं पिकाच्या भावासाठी शेतीत पैसा ओततं आहे. पण त्या वाक्यातला 'शेतकऱ्याला' हा शब्द जरा थांबून तपासायला हवा. कोणत्या शेतकऱ्याला? ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला, की जो ती कसतो त्याला? हाच प्रश्न १९३४ साली अमेरिकेतल्या एका लहानशा गावात विचारला गेला, आणि विचारणाऱ्यांना त्याची किंमत मोजावी लागली. आज मी तुम्हाला त्या गावात घेऊन जाणार आहे.

आर्कान्सा नावाचं राज्य आहे. मिसिसिपी नदीच्या पश्चिम अंगाला. त्या राज्यात ७५ काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे साधारण आपल्या तालुक्यासारखा कारभाराचा भाग, असं समजा. त्यातली एक पॉइन्सेट काउंटी. नाताळच्या सुमारास आपल्याकडे कुंड्यांतून लाल पानांचं पॉइन्सेटिया दिसतं ना, ते ज्या गृहस्थांच्या नावावरून ओळखलं जातं, त्यांच्याच नावाची ही काउंटी. तिच्या मधून क्रॉलीज रिज नावाची एक लांबट टेकडी उत्तर-दक्षिण जाते. बाकी सारा सपाट मुलूख. नद्यांनी आणून टाकलेला गाळ, त्यावर भात, सोयाबीन, मका आणि कापूस. आर्कान्सा हे अमेरिकेत सर्वांत जास्त भात पिकवणारं राज्य आहे, आणि पॉइन्सेट त्यातल्या भाताच्या काउंट्यांपैकी एक.

पण १९३० च्या सुमारास तिथं कापूसच राजा होता. आणि कापूस पिकवत होते ते बहुतेक बटईदार. मालकानं जमीन द्यायची, राहायला लाकडी खोपटं द्यायचं, खेचर आणि बियाणं द्यायचं. बटईदारानं आणि त्याच्या बायकापोरांनी राबायचं. पीक निम्मं निम्मं. आपल्याकडे ज्याला अर्धेली म्हणतात, तीच पद्धत. पीक हाती येईपर्यंत पीठ, मीठ, कापडचोपड मालकाच्याच दुकानातून उधारीवर. म्हणजे आपली खावटी. वर्षअखेर हिशेब मालकाच्याच वहीत. त्या वहीत बटईदाराच्या नावावर काही शिल्लक निघाली, तर ते वर्ष नशिबाचं.

मग मंदी आली. १९२९ साली रुईला पौंडाला सतरा सेंटच्या आसपास भाव होता. १९३२ मध्ये तो सहा सेंटच्या आसपास आला. गोदामात कापूस पडून आणि अंगावर धड कपडा नाही, अशी तेव्हाची गत होती.

१९३३ च्या मार्चमध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्ष झाले. त्यांचे कृषिमंत्री होते हेन्री वॉलेस. आयोवातले, शेतीच्या साप्ताहिकाचे संपादक, संकरित मक्यावर स्वतः काम केलेले. शेतकऱ्याचं दुःख त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. त्यांच्या खात्यानं जो कायदा आणला, त्याचं नाव ॲग्रिकल्चरल ॲडजस्टमेंट ॲक्ट. त्यामागचा विचार सरळ होता. माल जास्त झाला म्हणून भाव पडला. तेव्हा माल कमी करा, भाव वर येईल, आणि जो शेतकरी जमीन पडीक ठेवेल त्याला सरकार पैसे देईल. १९०९ ते १९१४ या काळात शेतमालाची जी खरेदीशक्ती होती, ती परत मिळवून द्यायची, हे उद्दिष्ट.

कायदा मे महिन्यात झाला. तोवर कापूस पेरून उगवला होता. आता काय करायचं? मग उभं पीक मोडायचं ठरलं. त्या उन्हाळ्यात देशभरात सुमारे १ कोटी एकरांवरचा कापूस नांगरून टाकला गेला. एकरी ७ ते २० डॉलर मोबदला. त्या वेळची एक गोष्ट अजून सांगितली जाते. खेचरांना आयुष्यभर शिकवलेलं असे की दोन ओळींमधून चालायचं, रोपावर पाय द्यायचा नाही. आता मालक त्यांना ओळीवरूनच हाकत होता, आणि खेचरं पुढं पाऊल टाकायला तयार होईनात. ज्यांनी पोटच्या पोरासारखं पीक वाढवलं, त्या माणसांना काय वाटलं असेल, ते खेचरांवरून ओळखावं.

पण आपला विषय पुढे आहे. पैसे आले. कोणाकडे आले? करार झाला होता सरकार आणि जमीनमालक यांच्यात. त्यामुळे चेक मालकाच्या हातात. त्यानं बटईदाराला त्याचा वाटा द्यावा, अशी अपेक्षा. अनेक ठिकाणी मालकानं तो वाटा दुकानाच्या उधारीत वळता करून घेतला. वही त्याची, हिशेब त्याचा.

पुढच्या वर्षीचा, म्हणजे १९३४-३५ चा करार तर बघण्यासारखा आहे. त्यात पडीक ठेवलेल्या जमिनीपोटी पौंडाला साडेतीन सेंट, हे जमिनीचं भाडं म्हणून पूर्ण मालकाला. वर आणखी एक सेंट भावफरक म्हणून. त्या एका सेंटातला निम्मा बटईदाराला. म्हणजे साडेचार सेंटपैकी चार सेंट मालकाला आणि अर्धा सेंट बटईदाराला. समजा एकरी दोनशे पौंड रुई धरली, तर ढोबळ हिशेबानं एकरी नऊ डॉलर येणार. त्यातले आठ मालकाचे, एक बटईदाराचा. तेच पीक उभं राहिलं असतं तर निम्मं बटईदाराचं असतं!

आता मालकाच्या जागी बसून विचार करा. जमीन साधारण चाळीस टक्के कमी पेरायची आहे, म्हणजे तेवढी माणसंही कमी लागणार. त्यातून बटईदार ठेवला तर सरकारी पैशातला वाटा द्यावा लागतो. त्यालाच काढून रोजंदारीवर मजूर म्हणून घेतला, तर सगळा पैसा आपला. असा विचार करायला माणूस दुष्टच असावा लागतो असं नाही. कायद्यानंच त्याच्यापुढे तसा हिशेब मांडला होता.

आणि तसंच घडलं. पॉइन्सेट काउंटीत टायरोन्झा नावाचं गाव आहे. त्या गावाजवळच्या एका मोठ्या मळ्यावरून वीसहून अधिक बटईदार कुटुंबांना जायला सांगण्यात आलं. जुलै १९३४ मध्ये जवळच्या एका शाळेच्या खोलीत अठरा माणसं जमली. अकरा गोरे, सात काळे. त्या काळच्या अमेरिकेच्या दक्षिणेत गोरे आणि काळे एका बाकावर बसत नव्हते, एका नळाचं पाणी पीत नव्हते. प्रश्न निघाला, की आपली संघटना एकच करायची की दोन वेगळ्या? त्याच राज्यात १९१९ साली एलेन या गावी काळ्या बटईदारांनी संघटना केली म्हणून त्यांचं मोठं हत्याकांड झालं होतं. त्यातून वाचलेले आयझॅक शॉ नावाचे एक वयस्क गृहस्थ त्या खोलीत होते. वेगळे राहिलो तर एकेकाला मोडतील, म्हणून एकत्र राहू, असं त्यांनी सांगितल्याची आठवण संघटनेच्या संस्थापकांनी नोंदवली आहे. अशी सदर्न टेनंट फार्मर्स युनियन जन्माला आली. तिच्या कामात पुढे असलेल्या दोघांपैकी एच. एल. मिचेल यांचं गावात कपडे धुऊन देण्याचं दुकान होतं, आणि क्ले ईस्ट यांचा पेट्रोलचा पंप.

त्यांची मागणी फार मोठी नव्हती. सरकारी पैशातला आमचा वाटा आमच्या हातात द्या, आणि आम्हाला घराबाहेर काढू नका. यासाठी त्यांच्या सभा उधळल्या गेल्या, कार्यकर्त्यांना मारहाण झाली, घरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. शेवटी संघटनेला आपलं कार्यालय जवळच्या मेम्फिस शहरात हलवावं लागलं.

तिकडे वॉशिंग्टनला याच प्रश्नावरून कृषिखात्यातच भांडण पेटलं होतं, आणि तेही एका कलमावरून. करारात सातवं कलम होतं. मालकानं शक्य तोवर आपल्या शेतावरच्या कुळांची नेहमीची संख्या कायम ठेवावी, अशा अर्थाचं. आता 'संख्या कायम ठेवणं' म्हणजे काय? खात्यातल्या काही तरुण वकिलांनी अर्थ लावला, की तीच माणसं ठेवली पाहिजेत. खात्याच्या वरिष्ठांचं म्हणणं, की डोकी तेवढी भरली म्हणजे झालं; माणसं बदलली तरी चालतील. या एका अर्थावर हजारो कुटुंबांचं छप्पर अवलंबून होतं. फेब्रुवारी १९३५ मध्ये निकाल लागला. विधी विभागाचे प्रमुख जेरोम फ्रँक आणि त्यांचे काही सहकारी यांनाच नोकरीवरून काढण्यात आलं. वॉलेस यांनी वरिष्ठांची बाजू घेतली. दक्षिणेतल्या मळेवाल्यांचे प्रतिनिधी संसदेत वजनदार होते, आणि त्यांच्या मतांवाचून रूझवेल्ट यांचा कोणताच कायदा पुढे सरकत नव्हता.

बटईदारांच्या ओरडण्याचा अगदीच उपयोग झाला नाही, असं मात्र नाही. १९३७ साली कुळांना जमीन घ्यायला कर्ज देणारा कायदा झाला. १९३८ च्या नव्या शेती कायद्यात बटईदाराचा पिकात जेवढा वाटा, तेवढाच सरकारी पैशातही, असं तत्त्व आलं. पण तोवर उशीर झाला होता. मालकांनी सरकारी पैशातून ट्रॅक्टर घेतले, बटईदार मोडून मजूर लावले. पुढे कापूस वेचणारी यंत्रं आली, तेव्हा मजूरही लागेनासे झाले. १९५० च्या सुमारास चाळीस हजारांच्या घरात असलेली पॉइन्सेट काउंटीची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत तेवीस हजारांच्या आत आलेली दिसते. याला सगळं काही अनुदानच कारण, असं मी म्हणणार नाही. यंत्रं तर येणारच होती. पण पहिला धक्का कशाने बसला, ते त्या गावाला ठाऊक आहे. मिचेल आणि ईस्ट यांच्या त्या जुन्या दुकानांच्या इमारतीत आज बटईदारांचं संग्रहालय आहे.

आता आजच्याकडे येऊ. अमेरिकेत आज हा पैसा कसा मिळतो?

पहिला प्रकार १९३३ पासूनचाच. शेतकऱ्यानं माल गहाण ठेवून सरकारी महामंडळाकडून ठरलेल्या दरानं कर्ज घ्यायचं. भाव वर गेला तर माल विकून कर्ज फेडायचं. भाव पडला तर माल सरकारच्या गळ्यात टाकून मोकळं व्हायचं. बाकीसाठी कोणी दारात येत नाही. हे मला त्या सगळ्या योजनांमधलं शहाणपणाचं काम वाटतं. सुगीच्या तोंडावर पडेल भावात माल काढण्याची पाळी शेतकऱ्यावर येत नाही.

दुसरा प्रकार भावफरकाचा. २०१४ च्या कायद्यानं त्याला आजचं रूप आलं. सरकार प्रत्येक पिकाचा एक आधारभाव कायद्यातच लिहून ठेवतं. भातासाठी तो शंभर पौंडांना, म्हणजे साधारण पंचेचाळीस किलोंना, १४ डॉलर होता. बाजारातला वर्षाचा सरासरी भाव त्याच्या खाली गेला, की फरक सरकार देतं. समजा बाजारभाव १२ डॉलर पडला, तर फरक दोन डॉलर. शंभर एकर असतील तर पंच्याऐंशी एकरच धरायचे, असा नियम आहे. एकरी साठ हंड्रेडवेट उतारा धरला, तर पंच्याऐंशी गुणिले साठ गुणिले दोन, म्हणजे १०,२०० डॉलर. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्यानं हा आधारभाव १६ डॉलर ९० सेंट केला. त्याच बाजारभावाला तोच हिशेब आता २४,९९० डॉलर येतो.

यात एक मेख आहे. हे एकर म्हणजे या वर्षी पेरलेले एकर नव्हेत. त्या जमिनीवर पूर्वी काय पिकत होतं, त्याच्या सरकारी नोंदीवरून ठरलेले हे एकर आहेत. आज त्या रानात सोयाबीन असो, नाहीतर काही नसो, नोंद भाताची असेल तर फरक भाताचा. म्हणजे पैसा पिकाला चिकटलेला नाही, जमिनीच्या जुन्या कागदाला चिकटलेला आहे. 'वॉशिंग्टन पोस्ट' या दैनिकानं २००६ साली एक लेखमाला छापली होती. जे लोक शेतीच करत नाहीत, अशांना २००० सालापासून १३० कोटी डॉलर गेले, असं त्यातून बाहेर आलं. पूर्वी कधी भात पिकलेल्या जमिनीवर घर बांधून राहणाऱ्यांनाही भाताचे पैसे मिळत होते!

तिसऱ्या प्रकारात काउंटी हाच घटक धरतात. पूर्ण काउंटीचं सरासरी उत्पन्न ठरावीक पातळीच्या खाली गेलं, तर सगळ्यांना भरपाई. तुमच्या एकट्याच्या शेतावर गारा पडल्या आणि बाकी काउंटी बरी पिकली, तर तुम्हाला यातून काही नाही. आपल्याकडे पीकविम्यात महसूल मंडळ हा घटक असल्यामुळे जे गाऱ्हाणं ऐकू येतं, तेच तिथंही ऐकू येतं. २०१९ साली चीनशी झालेल्या व्यापारयुद्धात सोयाबीनचा भाव पडला, तेव्हा सरकारनं काउंटीवार एकरी दर ठरवले. कुठे १५ डॉलर, कुठे १५०. रस्त्याच्या अलीकडची काउंटी एका दराची, पलीकडची दुसऱ्या.

मग हे पैसे आज कोणाला मिळतात? एक गोष्ट मान्य केली पाहिजे. १९३४ चा धडा कायद्याच्या कागदावर तरी उतरला आहे. जो जमीन रोख खंडानं देऊन मोकळा होतो, त्या मालकाला आज हे अनुदान मिळत नाही. जो जोखीम घेऊन शेती कसतो, त्याला मिळतं. ऐकायला न्याय्य वाटतं. पण खंड ठरवताना मालकाला ठाऊक असतं की या जमिनीवर सरकारी पैसा येतो. तो खंड वाढवून मागतो. अर्थशास्त्रज्ञ बॅरेट किरवान यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अनुदानाच्या दर डॉलरमागे सुमारे पंचवीस सेंट खंडाच्या वाटेनं मालकाकडे जातात, असं दाखवलं. आणि अमेरिकेत जवळजवळ चाळीस टक्के शेतजमीन खंडानं कसली जाते.

शिवाय मर्यादा. २०१४ च्या कायद्यानं एका व्यक्तीला वर्षाला जास्तीत जास्त सव्वा लाख डॉलर, अशी मर्यादा घातली. २०२५ मध्ये ती १ लाख ५५ हजार झाली. पण व्यक्ती म्हणजे कोण? भागीदारीत शेती असेल तर प्रत्येक भागीदार वेगळा. २०१८ च्या कायद्यानं तर कुटुंबाच्या व्याख्येत चुलत-मावस भावंडं, पुतणे, भाचे हेही आणले. एकाच शेताच्या व्यवहारात जितकी नावं, तितक्या मर्यादा. आणि जो भाजीपाला लावतो, फळं लावतो, त्याला हा भावफरक नाही. मका, सोयाबीन, गहू, कापूस, भात, भुईमूग अशा मोजक्या पिकांभोवतीच मुख्यतः हा सगळा पैसा फिरतो.

एवढं करून तिथला शेतकरी सुखी आहे का? २०२० साली अमेरिकेच्या सरकारनं शेतकऱ्यांना थेट दिलेली रक्कम सुमारे ४६ अब्ज डॉलरवर गेली होती. तरी २०२५ मध्ये पूर्व आर्कान्सातले शेतकरी सभा घेऊन सांगत होते, की यंदा मदत मिळाली नाही तर पुढच्या हंगामाला आम्ही नसू. डिसेंबर २०२५ मध्ये १२ अब्ज डॉलरची आणखी एक मदत जाहीर झाली. ते शेतकरी ढोंग करत नव्हते. खत, डिझेल, यंत्रांचे हप्ते आणि जमिनीचा खंड, सगळंच वर गेलेलं. सरकारकडून आलेला पैसा त्यांच्या खात्यात थोडा वेळ थांबतो, आणि पुढे जातो.

श्रोतेहो, हे सगळं आपण का ऐकायचं? त्याला दोन कारणं आहेत.

पहिलं कारण कापूस. पॉइन्सेटचा शेतकरी आणि यवतमाळचा शेतकरी एकमेकांना ओळखत नाहीत, पण त्यांची रुई एकाच बाजारात उभी राहते. २००१-०२ साली जगात रुईचा भाव पौंडाला चाळीस सेंटच्या आसपास घसरला होता. त्या हंगामात अमेरिकेतल्या सुमारे पंचवीस हजार कापूस उत्पादकांना ३.९ अब्ज डॉलर मिळाले, असं ऑक्सफॅमच्या २००२ च्या अहवालात म्हटलं होतं. तिथल्या शेतकऱ्याला पडलेला भाव जाणवला नाही, म्हणून त्यानं पेरा कमी केला नाही, आणि भाव आणखी दबला. त्याचा मार विदर्भानं खाल्ला, तसाच पश्चिम आफ्रिकेतल्या माली, बुर्किना फासो, बेनिन, चाड या देशांनी खाल्ला. ब्राझीलनं २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला आणि २००५ मध्ये तो जिंकला. २०१४ मध्ये अमेरिकेनं ३० कोटी डॉलर देऊन तो तंटा मिटवला. ते पैसे ब्राझीलला मिळाले. विदर्भाला आणि मालीला त्यातलं काही आलं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क त्या वर्षअखेरपर्यंत उठवलं, तेव्हा ती जुनी काळजी पुन्हा दारात आली. तेव्हा एसटीतल्या त्या माणसाचा राग अनाठायी नाही.

दुसरं कारण जास्त जवळचं आहे. आता आपल्याकडेही थेट पैसे देण्याच्या योजना आल्या आहेत. २०१९ पासून केंद्राचे वर्षाला सहा हजार. २०२३ पासून राज्याचे आणखी सहा हजार. २०२३ च्या खरिपात कापूस आणि सोयाबीनचे भाव पडले म्हणून राज्य सरकारनं हेक्टरी पाच हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, दिले. चांगलं झालं. पण हे पैसे कोणाच्या खात्यात गेले? सातबारावर ज्याचं नाव, त्याच्या. सामाईक सातबारा असेल, तर बाकीच्या खातेदारांची संमती आणा.

आणि ज्याचं नाव सातबारावर नाहीच, त्याचं काय? विदर्भात, मराठवाड्यात किती जमीन मक्त्यानं, बटईनं कसली जाते, हे ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना घरचं ठाऊक आहे. मालक शहरात नोकरीला असतो. व्यवहार तोंडी. कूळ कायद्याच्या धास्तीनं मालक कागद करत नाही, आणि कागद मागितला तर पुढच्या वर्षी जमीन मिळणार नाही म्हणून कसणारा मागत नाही. मक्ता आगाऊ रोख, बियाणं-खत उधार, बँकेचं कर्ज नाही. भाव पडला तर नुकसान कसणाऱ्याचं. भावफरक आला तर तो जातो सातबाऱ्याकडे. कापूस हमीभावानं सरकारी केंद्रावर घालायचा तरी सातबारा आणि पीकपेरा लागतो. मग कसणारा मालकाची मनधरणी करतो, किंवा गावातल्याच व्यापाऱ्याला कमी भावात देऊन मोकळा होतो. नवरा गेल्यावर शेत एकटीनं ओढणाऱ्या, पण सातबारावर नाव न चढलेल्या बाईची गतही वेगळी नाही.

यावर कुठे काही झालंच नाही, असं नाही. ओडिशानं २०१८ च्या अखेरीस आणलेल्या कालिया योजनेत बटईदार आणि भूमिहीन यांनाही धरलं. आंध्र प्रदेशनं २०१९ मध्ये कायदा करून, मालकी हक्काला धक्का न लावता कसणाऱ्याला हंगामापुरतं ओळखपत्र देण्याची सोय केली. या योजनांतही अडचणी आहेत. आंध्रात मालकाची सही लागते, आणि ती मिळवणं सोपं नाही. पण निदान कसणारा माणूस सरकारी कागदावर दिसू लागला.

आपल्याकडे मोबाइलवरून ई-पीक पाहणी २०२१ मध्ये सुरू झाली. शेतात कोणतं पीक उभं आहे, त्याचा फोटो आपण काढतो. त्या पिकाजवळ कोण उभं आहे, याची नोंद करायला एक रकाना वाढवणं काही अशक्य नाही. मालकी मालकाचीच राहू द्या. हंगामापुरता कसणारा कोण, एवढंच लिहा. आणि मालकाला लेखी खात्री द्या, की या नोंदीवरून कुळाचा हक्क लागणार नाही. तरच तो सही करील. हे काम आधी झालं पाहिजे, कारण एकदा पैशाची वाट ठरून गेली, की ती बदलणं फार अवघड जातं. अमेरिकेत पाच वर्षांत कायदा बदलला, पण तेवढ्यात माणसं गाव सोडून गेली होती.

शेतकऱ्याला भाव मिळाला पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बाजार पडतो तेव्हा सरकारनं फरक द्यावा, ही मागणीही आपण जोरानं केली पाहिजे. पण ती मागणी करताना एक ओळ जास्त लिहू या. चेक कोणाच्या नावावर निघणार, ते आधी ठरवा. टायरोन्झाच्या शाळेत जमलेल्या त्या अठरा माणसांनी एवढंच विचारलं होतं.